यंदा हलवीनला काय?

"यंदा रेडा हाय," दुधाचा ग्लास खाली ठेवत आकाराम रिक्षावाल्यानं जाहीर करून टाकलं. "यमाचा रेडा. काळाकुट्ट. आतल्या माणसाची खबर हाय."

कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर म्हशीच्या ताज्या धारेचं दूध प्यायला जमलेले सगळे त्याच्याकडे वळले. चंद्री म्हैस तेवढी निवांत रवंथ करत उभी होती आणि गुंडू गवळी तिच्या पोटाला डोकं टेकवून धार काढत होता. विज्ञानाचे शिक्षक प्रसेनजीत सर यांच्या घशात मात्र दूध अडकलं. मिशीला फेस तसाच ठेवून त्यांनी ते कसंबसं गिळलं आणि हसले. ते हसू त्यांना फार महागात पडत होतं, पण कट्ट्यावर इज्जत होती.

शहराबाहेर हातकणंगल्याच्या रस्त्याला विजयसिंहांचा फन पार्क होता. विजयसिंह दोन वर्षं अमेरिकेत राहून आले आणि येताना तिथला भुतांचा सण घेऊन आले. पहिल्या वर्षी फलक रंगवणाऱ्याला 'हॅलोविन' हा शब्द झेपला नाही, त्यानं मोठ्या अक्षरांत 'हलवीन' असं लिहिलं. कोल्हापूरनं ते आव्हान समजलं. "हलवीन म्हणतोय! बघू की कसा हलवतोय ते!" असं म्हणत लोक घरातली म्हातारीकोतारी घेऊन पार्कात घुसले, आणि बरेचसे हलून बाहेर आले. तेव्हापासून दर ऑक्टोबरच्या शेवटी पार्कातल्या भूतबंगल्यात एक नवं भूत निघायचं. ते कोणतं, हे विजयसिंह शेवटच्या क्षणापर्यंत कुणाला कळू द्यायचे नाहीत. साहजिकच दसरा झाला की दूधकट्ट्यावर दुसरा विषयच नसायचा.

या अंदाजशास्त्रात प्रसेनजीत सरांचा हात कुणी धरत नव्हतं. विहिरीतली हडळ त्यांनी पार्कात गेलेल्या पाण्याच्या टाकीवरून ओळखली होती. छताला उलटा लोंबकळणारा मुंजा त्यांनी दोरखंडाच्या जाडीवरून ओळखला होता. लोक म्हणायचे, विज्ञानाचं डोकं आहे. खरं कारण वेगळं होतं. सर भुताला भ्यायचे. साधंसुधं नव्हे, किंकाळी फुटेपर्यंत भ्यायचे. कोणतं भूत कोणत्या कोपऱ्यातून येणार हे आधी कळलं, की नेमक्या वेळी डोळे मिटून घेता यायचे, एवढ्यासाठीच ही सगळी अक्कल पाजळणं चालायचं.

हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती. घरात तर मुळीच नव्हती. वडील बाबासो हे निवृत्त मुख्याध्यापक. "भूत हा विषय आपल्या घरानं छप्पन सालीच बंद केलाय," असं ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगायचे. अशा घरातला मुलगा रात्री परसाकडे जाताना मोठ्यानं गुणगुणतो, ते संगीताच्या आवडीनं, असा त्यांचा समज होता.

त्यात यंदा सोनमची भर पडली होती. सोनम वारणानगरच्या दवाखान्यात नर्स होती. मुलगी पाहायच्या दिवशी तिनं सरळ विचारलं होतं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" समोर बाबासो बसलेले. सरांच्या तोंडून निघून गेलं, "कशाचीच नाही." त्यावर ती म्हणाली, "बरं झालं. मला धीराचाच माणूस पाहिजे." आणि साखरपुड्याच्या आधी एकमेकांना जरा ओळखावं म्हणून तिनंच सुचवलं, "यंदा हलवीनला जाऊया की!"

ही मुलगी सरांना मनापासून आवडली होती. तिच्या देखत डोळे मिटून चालणं शक्य नव्हतं आणि डोळे उघडे ठेवले तर किंकाळी निघाली असती. म्हणजे यंदाचा अंदाज नुसता बरोबर येऊन भागणार नव्हता, तो तंतोतंत बरोबर यायला हवा होता. चुकला, तर सोनम गेली.

म्हणून आकारामचा रेडा त्यांना मुळीच परवडणारा नव्हता.

"आकाराम, डोकं चालव जरा," सर म्हणाले. "रेडा अंधारात सोडायचा, तोही गर्दीत? एखाद्याला तुडवलं म्हंजे? आणि त्याला आत वळवायचा कसा? विजयसिंहदादा अमेरिकेला जाऊन आलाय, येडा होऊन न्हाय आला."

"मग तुमीच सांगा की मास्तर!"

सरांनी गुंडूकडे पाहिलं. गुंडूनं मान आणखी खाली घातली. तिथंच सरांना काहीतरी लपवल्याचा वास आला.

दिवाळी चार दिवसांवर होती. पाडव्याला गवळी लोक म्हशी नटवून त्यांची मिरवणूक काढतात आणि पळवतात. शिंगं रंगवायची, डोक्यावर मोरपिसं बांधायची, गळ्यात घुंगरं घालायची. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं सुसाट निघतो आणि म्हैस त्या आवाजामागं धावते. चंद्री तर शंभर गाड्यांतून गुंडूच्या गाडीचा आवाज ओळखायची. आणि परवाच गुंडूच्या गोठ्यापुढं पार्कचा एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन उभा असलेला सरांनी पाहिला होता.

"गुंडू," सर हळूच म्हणाले, "तुझ्या गाडीचा आवाज कशाला भरून नेलाय रं त्यांनी?"

गुंडूच्या हातून धार चुकली आणि थेट आकारामच्या पायावर पडली. "तुमास्नी कुणी सांगितलं? मी दुधाची आण घेतलीया! मी कायबी बोलणार न्हाय! बिनमुंडक्याचा फटफटीवाला हाय ह्ये मी मेलो तरी सांगणार न्हाय!"

कट्ट्यावर टाळ्या पडल्या. सरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी आणखी एक ग्लास मागवला. फटफटीवाला, आवाज टेपचा. अशा भुताकडे डोळे उघडे ठेवून बघता येईल. त्यांनी सोनमला फोन करून मोठ्या ऐटीत सांगितलंही, "घाबरू नका, मी आहे."

शनिवारी संध्याकाळी पार्कापुढं जत्रा लोटली होती. सोनम मोरपंखी रंगाचा ड्रेस घालून आली होती, आणि सरांनी नवा शर्ट घातला होता, जो आधीच पाठीला चिकटला होता. इतक्यात गुंडू आला, तो चंद्रीला घेऊनच. पाडव्याची तालीम करून तो तसाच आला होता. चंद्रीची शिंगं चंदेरी रंगानं चमकत होती आणि कपाळावर मोरपिसांचा तुरा होता. तिला पाहताच सोनम चटकन सरांच्या पलीकडच्या बाजूला गेली. सरांना वाटलं, लाजली.

"म्हस कुठं लावू?" गुंडूनं पार्किंगवाल्याला विचारलं.

"टू-व्हीलर का फोर-व्हीलर?" पार्किंगवाल्यानं मान वर न करता विचारलं.

"चार पाय हायत."

"मग त्या अंगाला, जीपच्या शेजारी." त्यानं पत्र्याचा बिल्ला दिला. गुंडूनं तो शिस्तीत चंद्रीच्या शिंगाला बांधला, तिला खुंट्याला अडकवलं आणि आकारामबरोबर तिकिटाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

सर आणि सोनम आत शिरले. दार मागं धाडकन लागलं. अंधार असा की स्वतःचं नाक दिसेना. कुठूनतरी बाई रडत होती. पायाखालची फळी करकरली. सोनमनं त्यांचं मनगट धरलं. बिचारी भ्याली, असं वाटून सरांना जरा धीर आला आणि लगेच गेलाही, कारण समोर हिरव्या उजेडात एक सांगाडा उठून बसला होता.

"ह्याचं मांडीचं हाड उलटं लावलंय," सोनम म्हणाली.

"हं," सर म्हणाले. तोंड सुकून चिंचेच्या टरफलासारखं झालं होतं. पण डोळे मिटले नाहीत. शवपेटी आली, डोळे उघडेच. पांढऱ्या साडीतली बाई झाडावरून खाली आली, डोळे उघडेच होते, फक्त पाणावले होते. आणि मग एकदम कानाचे पडदे फाडणारा आवाज सुरू झाला. तडतडतडतड! लाल दिवा लागला आणि धुरातून फटफटीवर बसलेलं बिनमुंडक्याचं भूत पुढं आलं.

"टेप आहे," सर म्हणाले. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "गुंडूच्या गाडीची टेप आहे ही. घाबरू नका." ते आयुष्यात पहिल्यांदाच भुताच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे होते. भुताला डोळे नव्हते ही गोष्ट वेगळी. जिंकलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागून लाकूड मोडल्याचा आवाज आला. मग घुंगरं वाजली. छुम, छुम, छुम. अंदाजात घुंगरं नव्हती. सरांच्या मानेवर एक गरम, ओला श्वास पडला.

ते वळले. लाल उजेडात दोन चंदेरी शिंगं होती. शिंगांखाली अंधारापेक्षा काळं असं प्रचंड काहीतरी होतं. डोक्यावर मोरपिसं हलत होती आणि शिंगाला पत्र्याची एक चकती लोंबत होती. आकारामचा रेडा! आणि चकतीवर कुणाचा तरी नंबर होता. तो आपलाच असणार, याबद्दल सरांच्या मनात शंका राहिली नाही. आकारामची माफी मागायची राहून गेली, एवढाच विचार डोक्यात होता.

बिनमुंडक्याच्या भुतानं ते पाहिलं आणि "आई गंऽऽ" म्हणून फटफटीवरून उडी टाकली. त्याच्या शर्टातून मुंडकं बाहेर आलं आणि ते सगळं मिळून दाराकडे पळालं. त्याच्या मागून पांढऱ्या साडीतली बाई साडी खोचून पळाली. ती पळता पळता पुरुषी आवाजात शिव्या देत होती.

आणि मग सोनम किंचाळली. "म्हस! अवो म्हस हाय ती! म्हस!" ती एका झेपेत शवपेटीत शिरली आणि आतून झाकण ओढून घेतलं.

तो एक शब्द सरांच्या कानातून आत गेला.

"म्हैस?" ते म्हणाले. "चंद्रे?"

चंद्रीनं सरांचा नवा शर्ट खालून वरपर्यंत चाटला. टेपवर मालकाच्या गाडीचा आवाज ऐकून ती खुंटा उपटून आली होती आणि आता मालक कुठं आहे म्हणून टेपच्या कर्ण्याला ढुशा देत होती. सरांनी टेपची वायर ओढली. आवाज बंद झाला. त्यांनी चंद्रीच्या गळ्यातला दोर धरला आणि तिच्या कपाळावर खाजवलं. भीती कुठं गेली ते त्यांनाही कळलं नाही. म्हशीला कोण भितो?

"या बाहेर," त्यांनी शवपेटीवर टकटक केलं. "काही करत नाही ती."

"आधी तिला न्या लांब!" पेटीतून आवाज आला. "मला भुताची भीती न्हाय वाटत. मेलेली माणसं रोज बघते मी. पर ल्हानपणी एका म्हशीनं शिंगावर घेतलंवतं मला. सासरी गोठा नको म्हणून तर मास्तरचं स्थळ धरलं की!"

सर पेटीजवळ वाकले. तिनं तिची भीती सांगितली होती, आता आपली सांगायला अशी वेळ पुन्हा येणार नाही, हे त्यांना कळलं. "सोनम," ते म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला भुतांची भीती वाटते. फार वाटते."

झाकण थोडं वर झालं. "ठाऊक हाय."

"कसं?"

"आत शिरल्यापासनं मनगट कशाला धरलंवतं मी? नाडी बघत होते. नाडी कसली, पळत होती नुसती. नर्सपासनं लपतंय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तरीबी तुमी डोळं उघडं ठेवून पुढं चाललावता. धीराचा माणूस पाहिजे म्हणलंवतं मी. न भिणारा कुठं म्हणलंवतं?" असं म्हणून ती पेटीतून उतरली, सरांना मध्ये ठेवून, चंद्रीपासून शक्य तितक्या लांबून.

तिघं बाहेर आली तेव्हा पटांगणात सगळी भुतं एका बाकावर बसून पाणी पीत होती. "म्हणलं नव्हतं? रेडा!" आकाराम उड्या मारत होता. "मास्तर, हरलासा!"

"रेडा कुणाला म्हणतोस रं?" गुंडू खवळला. "म्हस हाय माझी!"

मोडलेलं मागचं दार बघून आलेले विजयसिंह गर्दीतून वाट काढत पुढं आले. आता गुंडूचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं. विजयसिंहांनी चंद्रीकडे पाहिलं, बाकावरच्या भुतांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "पावणं, पुढच्या वर्षी ही मोकळी हाय का?"

घरी बाबासोंनी विचारलं, "काय रे, होतं का भूत?" सर म्हणाले, "नव्हतं. म्हैस होती." बाबासोंनी समाधानानं मान हलवली.

पण ते नंतर. त्याआधी सर सोनमला वारणानगरच्या गाडीवर सोडायला निघाले. वाटेत ती म्हणाली, "आपलं ठरलं मग. भूत आलं तर मी पुढं, म्हस आली तर तुमी." सरांनी आनंदानं मान डोलावली. इतका सोपा संसार कुणाच्या वाट्याला येतो?

पुढच्याच वळणावर दूधकट्ट्यावरून परतणारा म्हशींचा अख्खा कळप रस्ताभर पसरून येत होता. सोनम सरांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचा चाटलेला शर्ट घट्ट धरला. सर हात पसरून पुढं झाले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की कोल्हापुरात भूत वर्षातून एकदाच निघतं, म्हशी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ निघतात.