मिठाच्या ग्रहावरची परात

प्रेक्षकांना कसं सांभाळायचं हे मला कुणी शिकवू नये! ग्रीसमधल्या आमच्या मेसोलोंगीत खाडीकाठचं ते उन्हाळी थिएटर दिसतं ना, डोक्यावर आभाळ आणि पाठीमागे शेजाऱ्यांच्या बाल्कन्या? ते सासऱ्यांच्या मागे मीच चालवते. या पोलिक्सेनीच्या थिएटरातून आजवर एकही माणूस मधेच उठून गेलेला नाही. एक गेला होता म्हणा, पण त्याची बायको बाळंत होत होती.

तर माझा भाचा थेमिस, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, माझ्याकडे आला तेव्हा मी अगदी निर्धास्त होते.

"आत्या, माझा सिनेमा बघायला डेन्मार्कहून बाई येतायत. मोठ्या महोत्सवाच्या!"

"मग तोंड असं शिळ्या बांगड्यासारखं का केलंयस?"

"त्या पडद्याकडे बघतच नाहीत गं. प्रेक्षकांकडे बघतात! लोक काय करतात त्यावरून सिनेमा न्यायचा की नाही ते ठरवतात."

आता मात्र माझाही निर्धास्तपणा गेला. कारण सिनेमा मी बघितला होता. दोनदा! दुसऱ्यांदा तर पहिल्याहून कमी कळला. नाव ‘मिठाचा तिसरा आवाज’. आमच्या मिठागरातले पांढरे ढीग म्हणजे दूरचा कुठलातरी ग्रह. त्यावर एक बाई चालते. चालते, चालते, चालतच राहते. मग आभाळातून एक चकाकती तबकडी उतरते. बाई विचारते, "आलीस?" तबकडी काही बोलत नाही. बाई पुन्हा चालायला लागते! थेमिसला अर्थ विचारला की तो लांब कुठेतरी बघत म्हणायचा, "ज्याने त्याने आपापला अर्थ लावायचा."

पण पोराने जीव ओतला होता हो त्यात! कॅमेरा उसना, नटी मैत्रीण, आणि सामान कुठून आणलं ते देवालाच ठाऊक. वर त्याचा बाप, माझा भाऊ याकोव्होस, मासळीच्या दुकानात सुरी परजून सगळ्या गावादेखत म्हणाला होता, "त्या बाईने सिनेमा नेला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून हा माझ्या दुकानात! एप्रन बांधून!" थेमिसला तर माशाच्या वासानेच मळमळतं.

"घाबरू नकोस," मी म्हटलं, "आत्या आहे ना!"

मी गल्लीत घरोघर फिरले. "फुकट या, भोपळ्याच्या बिया फुकट खा. फक्त मी हातातला पंखा वर केला की टाळ्या वाजवायच्या. बाकी वेळ कळल्यासारखं तोंड करून बसायचं."

"आणि खरंच कळलं तर?" शेजारच्या एव्हान्थियाबाईंनी विचारलं.

"नाही कळणार. तुम्ही निश्चिंत या."

या एव्हान्थियाबाई म्हणजे तोफखाना! ईस्टरपासून सुनेशी बोलत नव्हत्या. पालक आणि चीज भरलेली पोळी भाजायची त्यांची तांब्याची परात, आईकडून आलेली, नाहीशी झाली होती, आणि सुनेने ती माहेरी पोचवली असं त्यांनी चर्चच्या पायरीवर जाहीर केलं होतं. सून बिचारी, ख्रिसूला तिचं नाव, रडून रडून अर्धी झाली. म्हणून मी सासूला पहिल्या रांगेत बसवलं आणि सुनेला शेवटच्या.

खेळाच्या दिवशी थिएटर गच्च! डेन्मार्कच्या इंगेबोर्गबाई खरोखरच पडद्याकडे पाठ करून बसल्या. थेमिस त्यांच्या शेजारी, कुणी काही बोललं तर त्यांना कळेल अशा भाषेत सांगायला. सिनेमा सुरू झाला. बाई चालू लागली. आणि खाडीवरून आमचे डास आले!

तुम्हाला आमचे डास माहीत नाहीत. मानेवर एक बसला, मी सवयीने पंखा उचलला, आणि कडकडाट! पडद्यावर नुसती वाळू! वाळूसुद्धा नाही, मीठ! पंखा खाली घेतला तर दुसरा डास नाकावर. पुन्हा पंखा, पुन्हा टाळ्या! बाईने नाक पुसलं, टाळ्या. बाई ठेचकाळली, टाळ्या. इंगेबोर्गबाईंच्या भुवया पार केसांत गेल्या. शेवटी मी पंखा मिटून त्यावर बसले आणि डासांना म्हटलं, खा बाबांनो!

तेवढ्यात आभाळातून तबकडी उतरली. संगीत, धूर, चकाकी. आणि पहिल्या रांगेतून आरोळी आली, "अगं बाई! माझी परात!!"

एव्हान्थियाबाई पडद्यापाशी पोचल्यासुद्धा! "ही बघा! कडेला पोच! मीच पाडलेला पोच मला ओळखू येणार नाही होय?" मग त्या मागे वळल्या. "ख्रिसूला... अगं, तू घेतलीच नव्हतीस की."

"मी तेच तर सांगत होते, आई," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

त्या जाड्याजुड्या बाई खुर्च्या ढकलत, लोकांचे पाय तुडवत मागे गेल्या आणि सुनेच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडल्या. सूनही रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू! या सगळ्यावर पडद्यावरची परात मंद गिरक्या घेत होती.

"काय म्हणतायत त्या?" इंगेबोर्गबाईंनी विचारलं.

थेमिसला खोटं जमत नाही. तो पुटपुटला, "म्हणतायत, जे हरवलं म्हणून मी माझं माणूस दूर केलं, ते इथे आहे."

इंगेबोर्गबाईंनी छातीवर हात ठेवला.

मग धरणच फुटलं! यंदा गावात वस्तू फार हरवत होत्या ना? आता पडद्यावर एकेक सापडायला लागली. "ती टोपी माझी, मधमाश्यांची!" "अरे, तो माझा कंदील!" आणि शेवटी ग्रहाचा न्यायदेव म्हणून धुरातून जे लोंबकळत आलं, ते बघून माझा भाऊ खुर्चीवरच चढला.

"माझा तराजू! आजोबांचा तराजू! कारट्या, गिऱ्हाइकांच्या शिव्या खात मी अंदाजाने मासे विकतोय, आणि हा इथे आभाळात टांगलाय?"

"आणि हे?" इंगेबोर्गबाईंनी पुढे झुकून विचारलं.

"म्हणतायत," थेमिसने मान खाली घातली, "इतके दिवस मी अंदाजाने जगतोय, आणि माझं माप आभाळात टांगलंय."

संपला सिनेमा. संपला माझा भाचा, मी मनात म्हटलं. इंगेबोर्गबाई उठल्या, डोळे पुसले, आणि थेट माझ्या भावाचे दोन्ही हात धरले. प्रेक्षकांत नट बसवायची ही कल्पना त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती म्हणे! सिनेमा नेणार! पण या मंडळींशिवाय नाही! थेमिस खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर टाच ठेवली.

"अद्भुत!" म्हणत त्या याकोव्होसचं इतकं कौतुक करायला लागल्या, की दृष्ट लागेल म्हणून आमच्या बायका पुढे धावल्या आणि त्याच्यावर "फ्तू, फ्तू, फ्तू!" करून थुंकल्या. इंगेबोर्गबाई दचकल्या आणि लगेच म्हणाल्या, "हेसुद्धा ठेवा!"

तर मंडळी, सासू, सून, परात, तराजू आणि याकोव्होस डेन्मार्कला गेले. याकोव्होसने जाताना केस काळे केले. आणि दिग्दर्शक? दिग्दर्शक न दिसलेलाच बरा, असं तिकडून कळवलं, त्याने गूढ वाढतं! आता दुकान बंद ठेवून कसं चालेल? बापाच्या शब्दाप्रमाणे पोरगा सुटला होता. पण सोमवारी एप्रन त्यानेच बांधला, नाकाला रुमाल लावून.

काल मी सार्डिन आणायला गेले. तराजू परदेशी, म्हणून त्याने ओंजळीने कागदावर टाकले.

"अर्धा किलो नक्की आहेत ना रे?"

तो लांब खाडीकडे बघत म्हणाला, "आत्या, ज्याने त्याने आपापला अर्थ लावायचा."

घरी येऊन वजन केलं तर चांगलेच कमी भरले! पण करता काय? मुकाट्याने टाळ्या वाजवल्या.