कुमकी क्रियापदांवरील स्वारी

कात्री-टेपाच्या धनीण, दुकानगादीच्या स्वामिनी, श्रीमंत सासूबाईसाहेब यांजवर सूनबाईंनी जो जुलूम केला, तो पुढिलांस ठाऊक असावा म्हणोन येथे नमूद केला असे. जुलूम ऐसा की, सूनबाईंनी थोरल्यांच्या वहीवर, भर दुपारी, गिऱ्हाइकांदेखत, लाल शाईने सात फुल्या मारिल्या. चौथीत गुरुजींनी मारिल्या होत्या. तदनंतर बावन्न वर्षे कोणाची छाती जाहली नव्हती.

कारण ऐसे जे, शिंपीकामाच्या या दौलतीस एका हॉटेलाचे चाळीस कोट शिवावयाची कामगिरी मिळाली, आणि तेथील व्यवस्थापक इंग्रजीवांचून बोलेनात, आणि पहिल्याच भेटीत बाईसाहेबांनी "कोट स्टिच, यू कम" ऐसे फर्मान सोडिले, मग साहेब कोट तयार समजोन मोटार घेऊन आले आणि कापडाचा गठ्ठा पाहोन परतले. मग सूनबाईंची अर्जी आली की, "आई, शुक्रवारी ते पुन्हा येणार. तोवर तुम्हाला हेल्पिंग व्हर्ब जमलं नाही, तर काउंटरला मी एक मुलगी ठेवते." अर्जी कसली, उशी घातलेले ते उंच स्टूल खालसा करण्याची नोटीसच ती.

सबब मोहीम मांडली. सूनबाई काजे करता करता शिकवीत की इज, हॅज, विल ही मदतीची, म्हणजे कुमकी क्रियापदे. मुख्य क्रियापदाच्या पुढे उभी राहतात. त्यावर हुकूम जाहला की, शब्द कणखर असेल तर त्यास कुमक कशास, आम्ही जन्मात कोणाची मदत घेतली नाही. ऐसे म्हणोन बाईसाहेबांनी चष्मा मागितला, मग पेन मागितले, मग पाणी मागितले, आणि सुनेने तिन्ही आणोन दिले. वाक्ये लिहिली ती सडीच, आणि फुल्या पडल्या त्या वर सांगितल्या. सुंभ जळला, पीळ जळेना.

गुरुवारी शेजारचा न्हावी आला.

"आजी, माझी पँट?"

"शिवून होतेय."

"आणि सदरा?"

"झालाय. इस्त्री तेवढी उद्या होईल."

पडद्याआड मशीन धडधडत होते. न्हाव्याने मान लांब करोन पुसले, "शिवतं कोण?"

"सूनबाई."

"मग तुम्ही काय करता?"

बापड्याने निर्मळ मनाने पुसले, परंतु घाव वर्मी बसला. अकरा वर्षांत बाईसाहेबांनी सुईत दोरा ओविला नव्हता. शिवणे अवघे सुनेचे. आपण पुढे उभे राहोन केव्हा जाहले, केव्हा होईल, इतकेच सांगावे. आणि आपण न सांगावे तर गिऱ्हाइकाने मोटार घेऊन फुकट खेटे घालावे, हेही ध्यानी आले. मग वही उघडली. इज, हॅज, विल यांस हुजरे समजोन हिणविले होते, ते सख्खे भाऊबंद निघाले.

शुक्रवारी व्यवस्थापक दाखल जाहले. आत मशीन थांबले. बाईसाहेबांनी चष्मा सावरिला, घसा खाकरिला आणि तोफ डागिली की, "थर्टी कोट्स हॅव बीन स्टिच्ड. टेन आर बीइंग स्टिच्ड. ऑल विल बी रेडी मंडे." या धुमश्चक्रीत एक 'ऑन' कामी आला, त्याचा शोक कोणी केला नाही. साहेबांनी मान डोलाविली, सोमवार टिपोन घेतला आणि संतोषे निघोन गेले.

येणेप्रमाणे टोपीकरांचा तो मुलूख सर जाहला, स्टूल उशीसह कायम राहिले, ही फत्ते फुल्यांच्याच वहीत शेवटल्या पानी दाखल केली असे. मग बाईसाहेब पडदा सारोन आत गेल्या, वही मशीनवर ठेविली आणि निवाडा दिला :

"शिवणारी तू. मी नुसती पुढं उभी राहून 'होतंय, होईल' म्हणणारी. खरं आहे म्हणून एकदाच सांगते. वहीतही लिहिलंय. त्यावर फुली मारू नकोस."