दहाव्या मजल्यावरचा मासा

आमच्या ब्लॉकच्या दहाव्या मजल्यावर रोज संध्याकाळी मासा लागतो.

मी दारू पीत नाही, आणि बायको सांगते तेवढा घाबरटही नाही. पण सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या या ब्लॉकमध्ये कॉरिडॉरच्या अगदी टोकाला टिपणीसकाकांचा फ्लॅट, त्याच्या अलीकडे आमचा, आणि मधली भिंत पातळ. सातच्या सुमाराला कॉरिडॉरमधले दिवे लागले की भिंतीपलीकडून आवाज यायचा. कर्रर्र. मग थांबायचा. मग पुन्हा, या वेळी लांबलचक. गळाला दमदार मासा लागला आणि दोरा घेऊन पळत सुटला की गळाचं रीळ ओरडतं, थेट तसा. आता दहाव्या मजल्यावर मासा कुठून येणार? सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे पांदानचा जलाशय, आणि तिथे जायला बस पकडावी लागते.

"नळ असेल," नीता म्हणाली. नीता म्हणजे माझी बायको. तिला न कळणारा प्रत्येक आवाज नळाचा असतो.

टिपणीसकाका म्हणजे सत्तरी ओलांडलेला उंच माणूस, खांद्यात थोडा वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी पक्कड. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले, आणि सेरंगूनचं मोठं घर विकून इकडे राहायला आले. मुलगा मिहिर टोरंटोला. जन्माने सीकेपी, पण जलाशयात पकडलेला मासा हा गृहस्थ परत पाण्यात सोडून देतो. माझ्या सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

घरात काकूही होत्या. म्हणजे काका म्हणायचे की आहेत. आम्ही पाहिल्या नव्हत्या. सकाळी अकराला विचारा, "झोपली आहे." दुपारी चारला विचारा, "झोपली आहे." नीता फराळाचं ताट घेऊन गेली, तेव्हाही झोपलेल्याच. जाळीच्या दारातून टेबलावर चहाचे दोन कप दिसायचे, एवढीच काय ती काकूंची खूण.

"एवढी कशी झोपते बाई?" नीता म्हणाली. आणि जरा वेळाने, भाजी चिरता चिरता, "आहेत ना रे नक्की?"

मी हसण्यावारी नेलं. पण तो किडा एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यानंतर काका लिफ्टमध्ये भेटले की मी उगाचच त्यांच्या हातांकडे बघायचो.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून मोकळ्या हवेतला काहीतरी छंद लावून घ्या म्हणून सांगितलं. मी काकांना गाठलं आणि म्हटलं, मला मासेमारी शिकवा. खरं कारण हे की या माणसाच्या घरात काय चाललंय ते मला बघायचं होतं.

काका मला सेरंगूनच्या एका दुकानात घेऊन गेले, गळाचं सामान घ्यायला. मी आपला चकचकीत, जाडजूड रॉड उचलला. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हा काय मगर पकडायला? आपल्याला पीकॉक बास पकडायचाय. कंबर कणखर हवी, पण टोक मऊ. माशाने तोंड लावलं की आपल्याला कळलं पाहिजे. आपण धरलंय हे मात्र त्याला कळता कामा नये."

हे त्यांचं पालुपद. दोरा बारीक का, तर कळता कामा नये. रिळाला एक बटण असतं, ड्रॅग म्हणतात त्याला. ते पिळलं की दोरा घट्ट सुटतो किंवा सैल सुटतो. ते एवढं सैल का, तर पुन्हा तेच.

रीळ निवडायची त्यांची तऱ्हा तर विचारू नका. रीळ कानाशी धरायचं, डोळे मिटायचे, आणि दुकानदाराला दोरा ओढायला लावायचा. एक झालं, दुसरं झालं. "वाजतंय ना?" ते मला विचारायचे. मी म्हणायचो, चांगलं वाजतंय. "अजून मोठं नाही?" शेवटी त्यांनी असं एक रीळ घेतलं की मागच्या रांगेतली बाई दचकून वळली.

"अंकल, दिस वन टू लाऊड लाह," दुकानदार म्हणाला. "लास्ट टाइम आल्सो यू बाय लाऊड. फिश ऑल रन अवे."

मग आमिषं. जलाशयात जिवंत किडे लावायला परवानगी नाही, सगळा खोट्याचा कारभार. माझ्यासाठी त्यांनी पाण्यावर बुडबुड आवाज करणारा एक लाकडी मासा आणि डुबकी मारणारा एक चांदीच्या रंगाचा मासा घेतला. "सकाळी हा, ऊन चढलं की तो. आणि घाई करू नका." स्वतःसाठी मात्र हिरवे रबरी बेडूक घेतले, मूठभर. काउंटरवरच खिशातली पक्कड काढली आणि एकेका बेडकाच्या पोटातला गळ उपटून टाकला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"काका, बिनगळाच्या बेडकाला मासा कसा लागणार?"

"मासा कोण म्हणालं?" काका म्हणाले, आणि बेडूक खिशात टाकून चालू लागले.

हे बेडूक मग मला दिसायला लागले. आधी आमच्या चपलांच्या रॅकवर एक, दाराकडे तोंड करून बसलेला. मग नवव्या मजल्याच्या जिन्यात कठड्यावर. मग खाली टपालपेट्यांच्या वर एक, चांगला पुसूनपासून ठेवलेला. नीताने आमच्यावाला उचलून कुंडीत ठेवला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रॅकवर दुसरा. तेव्हापासून तिने नळाचं नाव काढलं नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही पांदानला गेलो. माझ्या गळाला लगेच मासा लागला, आणि रीळ ओरडायला लागलं तसा मी घाबरून दोरा ओढायला लागलो.

"ओढू नका," काका म्हणाले. "जाऊ दे त्याला कुठे जायचं ते. तुम्ही चाला मागून. सैल पडेल तेवढाच दोरा गुंडाळायचा. दमला की तो स्वतःच वळतो."

मी मुकाट्याने काठाकाठाने चाललो. मासा खरंच वळला. सोनेरी अंग, त्यावर काळे पट्टे, आणि शेपटीवर एक गोल डोळा. खरा नव्हे, ठिपकाच तो, पण काकांनी मासा पाण्यात सोडल्यावर तो दूर जात होता आणि तो डोळा माझ्याकडे बघत होता. मला ते काही आवडलं नाही.

मग काकांना लागला. रॉड पार वाकला. आसपासचे लोक आपापले गळ सोडून बघायला आले. असा मासा वर्षानुवर्षं लागत नाही म्हणत होते. आणि काकांनी घड्याळ बघितलं. सहा वाजून गेले होते. त्यांनी खिशातून पक्कड काढली, दोरा कापला आणि रॉड आवरायला घेतला.

"काका, अहो, केवढा मासा."

"अंधार पडायच्या आत घरात असलं पाहिजे."

"का? काकूंना भीती वाटते?"

"तिला नाही," ते म्हणाले. "मला वाटते."

त्या संध्याकाळी मी निर्लज्जपणे भिंतीला कान लावला. दिवे लागले, आणि पलीकडून बाईचा आवाज आला, अगदी स्वच्छ, प्रेमळ. "अहो, शाळा सुटली असेल." थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच सुरात. त्या घरात शाळेत जाणारं कुणी नव्हतं. मिहिरची स्वतःची मुलंसुद्धा आता कॉलेजात आहेत. मग कर्रर्र. मी भिंतीपासून लांब झालो आणि घरातले सगळे दिवे लावले. नीता म्हणाली, बिल कोण भरणार. पण तिनेही एकही दिवा बंद केला नाही.

सिंगापूरला तिन्हीसांज वर्षभर सातलाच होते. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, तिची वेळ चुकत नाही. पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसमधून आलो, तर आमच्या दाराशी हाताला काहीतरी लागलं. कोळ्याचं जाळं म्हणून झटकलं, तर तुटेना. गळाचा दोरा होता. काकांच्या उघड्या दारातून निघून, आमच्या दारावरून जिन्याकडे गेलेला. आणि तो सरकत होता.

बॅग तिथेच टाकून मी दोऱ्यामागून निघालो. नवव्या मजल्यावर कठड्यावर बेडूक. आठव्यावर कोपऱ्याला घासून दोरा खाली वळलेला. आणि सातव्याच्या पायरीवर काकू. पांढरे केस नीट विंचरलेले, गाऊनवर ओढणी, हातात छत्री. गाऊनच्या पट्ट्याला मागच्या बाजूला दोऱ्याची बारीकशी गाठ, त्यांना न दिसेल अशी.

"तुम्ही शाळेतले का?" त्यांनी विचारलं. "आमचा मिहिर निघाला का?"

इतक्यात वरून पावलं वाजली. काका उतरत होते, हातात रॉड, रीळ गुंडाळत. दोरा कुठेही ताणत नव्हते. सैल पडेल तेवढाच घेत होते.

"शैला, आज सुट्टी होती गं शाळेला," ते म्हणाले. "आपण विसरलोच दोघं."

"हो का?" काकू म्हणाल्या, आणि वळल्या.

त्यांना खुर्चीत बसवून, हातात चहाचा कप देऊन काका माझ्याजवळ आले. दाराशी छत्र्यांच्या भांड्यात तो रॉड उभा होता, टोक कॉरिडॉरकडे.

"रात्रभर जागी असते, दिवसभर झोपते. खोटं नव्हतो सांगत. ती झोपली की कुलूप लावून तेवढ्यात मी पाण्यावर जाऊन येतो. हात विसरता कामा नये म्हणून." ते हळू बोलत होते. "पण दिवे लागले की निघालीच. तेव्हा कुलूप लावून पाहिलं, तर दारावर डोकं आपटून घेतलं तिनं. बाई ठेवली, तर चोर चोर म्हणून तिला ढकललं. एकदा मी आत होतो तेवढ्यात पांदानला पोचली चालत. अगदी काठावर उभी. शाळा खाली आहे म्हणत होती. पाण्याकडे बोट दाखवून."

"आणि बेडूक?"

"मिहिरला आवडायचे. वाटेत ठेवत जाते, त्याला रस्ता सापडावा म्हणून." त्यांनी चष्मा पुसला. "साने, कुणाला बोलू नका. बायकोला दोरी बांधली म्हणतील. मिहिरला कळलं तर तिला होममध्ये ठेवायला लावेल. चांगली असतात ती, मी बघून आलोय. पण तिथे दारं बंद असतात. हा दोरा तर हातानेसुद्धा तुटेल हो. धरलंय हे तिला कळता कामा नये, एवढंच."

मी घरी येऊन नीताला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. कुणाला बोलली नाही.

तेव्हापासून सातला मी आमचं दार उघडं ठेवतो आणि तिथे पेपर घेऊन बसतो. रीळ ओरडतं, दोरा दारावरून सरकतो, मागून काका जातात. मी मान हलवतो, ते मान हलवतात. आता मला त्या आवाजाची भीती वाटत नाही. तो आला नाही तर वाटते.

परवा रीळ ओरडायला लागलं ते थांबेचना. दोरा सरकत राहिला, आणि काका येईनात. मी जाऊन पाहिलं. काका स्वयंपाकघरात पाठमोरे उभे, सुरमई तळत, गुणगुणत. रीळ दाराशी बोंब मारत होतं. दुकानातली ती बाई ज्याने दचकली होती, तेच ते रीळ. मी "काका" अशी हाक मारली, चांगली मोठ्याने. त्यांनी तुकडा उलटला आणि गुणगुणत राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळे मिटून रीळ कानाशी धरणं. वाजतंय ना, अजून मोठं नाही? रिळावर दोऱ्याचे शेवटचे वेढे उरले होते.

मी रॉड उचलला आणि निघालो. ओढला नाही. जिना उतरत गेलो, सैल पडेल तेवढा गुंडाळत. काकू तळमजल्यावर टपालपेट्यांपाशी होत्या, रस्त्याकडे तोंड करून. बाहेर अंधार पडत होता.

"काकू, आज सुट्टी होती शाळेला."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही शाळेतले," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात बेडूक दिला. "मिहिर भेटला तर हा त्याला द्या. म्हणावं, आई येऊन गेली."

वर येईपर्यंत मी दोनदा नाक पुसलं. काकूंना खुर्चीत बसवलं, रॉड होता तसा भांड्यात ठेवला. तेवढ्यात काका ताट घेऊन बाहेर आले.

"अरे साने, कधी आलात? बसा, गरम गरम आहे." ताट टेबलावर ठेवून त्यांनी काकूंच्या केसांवरून हात फिरवला. चेहरा असा खुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "आज बघा कशी शांत आहे. एकदासुद्धा वाजलं नाही."

खिशातला बेडूक मी मुठीत घट्ट धरला.

"हो काका," मी मोठ्याने म्हटलं. "आज एकदम शांत."