घाटावरच्या सहा टिना

सावरटोली नगरपंचायतीच्या आवक खिडकीत जागेश्वर धकाते यांनी कार्तिक महिन्यात एक अर्ज दिला. विषय: घाटावरील दहनशेडच्या छपरास टिनपत्रे, नग सहा, मिळणेबाबत. अर्ज एका पानाचा, खाली सही, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. त्यामागे कुठलंही राजकारण नव्हतं. मागल्या श्रावणात जागेश्वरचे वडील गेले, तेव्हा त्या छपरातून इतकं पाणी गळलं की चिता तीनदा विझली. घरी परतल्यावर शहाऐंशी वर्षांच्या आईनं, रंभाबाईनं, रडणं थांबवून एवढंच विचारलं होतं.

"भिजला का गा तो?"

जागेश्वरनं मान खाली घातली.

"माह्या वक्ताले तरी वरून पाणी नको पडू देजो बाबू. जलमभर मागाच्या खड्ड्यात, ओलीत पाय सोडून लुगडी विणली मी. जाताना तरी कोरडी जाऊ दे."

घरचा हातमाग मोडून वीस वर्षं झाली होती. जागेश्वर आता शिलाई मशीन दुरुस्त करायचा. भोक दिसलं की बुजवायचं, पट्टा सुटला की चढवायचा, असा त्याचा सरळ हिशेब. पण उमरेड रोडनं सरकत सरकत नागपूर शहर सावरटोलीच्या वेशीपर्यंत आलं होतं, आणि त्यापायी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली होती. ग्रामपंचायत असती तर सरपंचानं कोणाच्या तरी गोठ्यावरच्या सहा टिना काढून दिल्या असत्या आणि वर दोन शिव्या घातल्या असत्या. नगरपंचायतीत असं चालत नाही. तिथं नियोजन असतं.

"काका, या टिना मी खर्चाच्या कोणत्या हेडमधून देऊ?" खिडकीतल्या लिपिक मयुरा मॅडमनं विचारलं.

"हेडबिड मले नाई समजत वं पोरी. भोकं सहा आहेत, टिना सहा द्या."

मयुरा मनानं चांगली होती, म्हणून तिनं नियम समजावून सांगितला. शाश्वत आर्थिक नियोजनाच्या ठरावानुसार दुरुस्ती फक्त शाश्वत सुविधांचीच करता येते. ज्या सुविधेचा लोक पुन्हा पुन्हा वापर करतात ती शाश्वत. बाकी सगळी उधळपट्टी. घाटाचं मूल्यमापन अद्याप व्हायचं होतं.

"मंग करा ना लवकर. माय म्हातारी आहे माही."

"सल्लागार येणार आहेत काका. नागपूरच्या सदर भागातून."

सल्लागार आले. ऋषिकेश नावाचा तिशीतला पोरगा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात माणसं मोजायचं टिकटिक यंत्र. वाचनालय, आठवडी बाजाराचे ओटे आणि सार्वजनिक शौचालय यांचं मूल्यमापन त्यानं आधीच उरकलं होतं. आता तो महिनाभर घाटावरच्या लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. फॉर्म सगळीकडे एकच. अंत्यविधी आटोपून निघालेल्या माणसाच्या हाती तो पेनासकट फॉर्म द्यायचा. सुविधेपर्यंत पोचणं सोपं गेलं काय? प्रतीक्षेचा कालावधी किती होता? सुविधेचा पुन्हा लाभ घ्याल काय? शेवटच्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. एका प्रामाणिक माणसानं लिहिलं, 'सध्या नाही'.

मग नियोजन समितीची सभा भरली. सभापती रुपराव. जागेश्वरला घाट वापरणाऱ्या नागरिकांचा 'घटक प्रतिनिधी' म्हणून रीतसर पत्र आलं होतं. बसायला गादीची खुर्ची आणि समोर बंद बाटलीतलं पाणी पाहून तो थोडा हरखला, खोटं कशाला सांगा.

"एकूण मुख्य लाभार्थी एक्केचाळीस," ऋषिकेश पडद्याकडे हात करून म्हणाला. "त्यापैकी पुन्हा आलेले, शून्य."

रुपराव खुर्चीत पुढे सरकले.

"एकबी नाई?"

"एकही नाही, सर. बाजारात हेच प्रमाण ब्याण्णव टक्के आहे. शौचालयात तर शंभर."

"मंग सर्व्हिसमधीच काई खोट असन," रुपराव गंभीरपणे म्हणाले. "एकदा आलेला माणूस परत काहून येत नाई, याचा विचार आपण कराले पायजे."

सदस्यांनी विचार केला. एकानं घाटावर तक्रारपेटी लावण्याची सूचना केली. दुसरा म्हणाला की पहिल्या भेटीतच लाभार्थ्याला काही सवलत दिली तर तो बांधला जाईल. दोन्ही सूचना इतिवृत्तात घेण्यात आल्या.

जागेश्वरला राहवलं नाही. तो उभा राहिला. "साहेब, ते मेलेले असतात."

सभागृहानं या तांत्रिक अडचणीची नोंद घेतली आणि पुढचा विषय पुकारला. पण ऋषिकेशनं हात वर केला. त्याच्या अहवालात आशेचा एक मुद्दा होता.

आता आमच्याकडची रीत अशी आहे की चिता पेटली म्हणून माणसं लगेच घरी जात नाहीत. बाजूला बसतात आणि तिथंच शोकसभा होते. एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो, शेवटी मौन होतं, मग माणसं चपला शोधतात. ज्याची गेलेल्याशी ओळख असते तो थोडक्यात आटोपतो. ज्याची काहीच ओळख नसते त्याला थांबवणं कठीण. महिनाभर लिंबाखाली बसून ऋषिकेशनं हे सगळं मोजलं होतं.

"सर, एक वापरकर्ता एक्केचाळीसपैकी अडतीस वेळा आलेला आहे. दर वेळी सरासरी पस्तीस मिनिटं थांबलेला आहे. इतका निष्ठावान वापरकर्ता मला बाजारातही सापडला नाही."

"कोण गा तो?"

"आपण, सर."

रुपराव चक्क लाजले. टेबलं वाजली. मग पुढचं सगळं भराभर उलगडत गेलं. घाटाचा शाश्वत वापर म्हणजे शोकसभा. दहन हा तिला पूरक उपक्रम. तेव्हा नियोजन करायचं ते शोकसभेचं. ठराव तयारच होता: घाटावर सुसज्ज शोकसभा मंडप उभारणे. टिना चोवीस, पंखे आठ, खुर्च्या दीडशे, माईक, आणि वक्त्यांसाठी दोन पायऱ्यांचा मंच.

"आन् चितेवरच्या सहा टिना?" जागेश्वरनं विचारलं.

"टप्पा दोन," ऋषिकेश म्हणाला.

"टप्पा एक झाल्याबिगर टप्पा दोन येईन काय गा?" रुपरावांनी प्रेमानं समजावलं. "तुमच्यासारख्या जाणत्या माणसानंच अडवलं तर विकास कसा होईन?"

ठरावाला घटकांच्या वतीनं अनुमोदक लागत होता. जागेश्वरनं डोक्यात गणित मांडलं. एक झाल्याशिवाय दोन येत नाही, हे तर बरोबरच होतं. त्यानं सही केली. घरी जाऊन खाटेवरच्या आईला म्हणाला, "माय, टिना मंजूर झाल्या वं."

"सांगत होती ना मी, पोरगं माहं कामाचं आहे," रंभाबाई म्हणाली आणि तोंडभर हसली. "आता देवानं कदी बी बलावलं तरी चालते मले."

टिना मंजूर झाल्या हे काही खोटं नव्हतं. पण ते हसणं पाहून, कोणत्या टिना हे सांगायची जागेश्वरची हिंमत झाली नाही.

उन्हाळ्यात मंडप उभा राहिला, आणि काय राहिला! फरशी गुळगुळीत, पंख्याचा वारा गार. शोकसभा पस्तीस मिनिटांवरून सव्वा तासावर गेली. शेजारच्या प्रभागांतले पुढारी अनोळखी माणसांना श्रद्धांजली वाहायला येऊ लागले. मधल्या काळात शेजारचा एक म्हातारा गेला, तेव्हा जागेश्वरही तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसून आला. बरं वाटलं त्याला. लोक म्हणायचे, नगरपंचायतीनं एक तरी काम चांगलं केलं.

मृग लागला तसा तो पुन्हा खिडकीत गेला. मयुरानं फाईल काढली.

"टप्पा दोनसाठी मागणी सिद्ध व्हावी लागते काका. दहनशेडबद्दल वापरकर्त्याची एकही तक्रार नाही."

"मी करतो ना तक्रार! लिहून देतो आत्ता."

"तुम्ही नातेवाईक. ज्याच्या अंगावर पाणी पडलं त्याची सही लागते." मग तिनंच इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला समजतं हो काका. पण फॉर्ममध्ये तुमच्यासाठी रकानाच नाही."

जागेश्वर दर आठवड्याला जात राहिला. चार वेळा तो स्वतः शिडी लावून छपरावर चढला आणि भोकांवर डांबर फासून आला. गंजक्या टिनेवर डांबर काय टिकणार?

रंभाबाई तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, झोपेतच गेली. दुपारी घाटावर नेलं तेव्हा पाऊस असा लागला होता की चार हातांवरचा माणूस दिसू नये. मातीला दीडशे माणूस आला होता. जागेश्वरनं अग्नी दिला, मागं सरला, आणि छपरातल्या सगळ्या भोकांतून धारा सरणावर उतरल्या. लाकडं सूं करून धुपायला लागली. माणसं एकेक पाऊल मागं घेत मंडपात गेली आणि बसली. पंखे सुरूच होते.

मंडपाच्या कामातून उरलेली एक टिन भिंतीला टेकवून ठेवली होती. चार माणसांनी चार कोपरे धरून ती सरणावर उंच धरली असती, फार नाही, अर्धा तास, लाकडं धड पेटेपर्यंत, तरी काम झालं असतं. जागेश्वरनं ती एकट्यानंच उचलली. वाऱ्यानं ती हातातून हिसकली आणि त्याचा तळवा कापला. तिकडं रुपराव माईकवर उभे होते. रंभाबाईला त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यामुळे भाषण चांगलं रंगलं होतं.

"साहेब!" जागेश्वर ओरडला. नव्या कोऱ्या टिनांवर पाऊस ताशासारखा वाजत होता, कोणाला काय ऐकू येणार? मग तो तसाच चिखलाच्या पायांनी मंचावर चढला आणि त्यानं माईक हिसकावून घेतला.

"चार जण या गा. पाया पडतो तुमच्या. टिन धराची आहे. माय भिजून राहिली माही. चारच जण या, अर्धा घंटा..."

तो लहान पोरासारखा रडायला लागला. मंडपातल्या माणसांना गलबलून आलं, अगदी खरं गलबलून आलं. कोणी डोळे पुसले, कोणी रुमाल काढला. पहिल्या रांगेतले दोघं तर उठायच्या बेतात पायानं चपला चाचपू लागले होते.

रुपरावांनी जागेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक हळूच काढून घेतला. त्यांचाही आवाज जड झाला होता.

"कुटुंबाच्या भावना आपल्यापर्यंत पोचल्या," ते म्हणाले. "आपण सर्व आपापल्या जागेवर उभं राहून दोन मिनिटं मौन पाळू."

दीडशे माणूस एकदम उभा राहिला. चपला चाचपणारे दोघंही ताठ झाले. जागेश्वरही तसाच उभा राहिला, कापला हात मुठीत धरून. करतो काय, मौन त्याच्याच आईचं होतं. समोर धूर आधी काळा होता, मग पांढरा झाला, मग दिसेनासा झाला. कोणी हललं नाही. मौनात हलायचं नसतं, हे तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीही असे कितीदा तरी उभे राहिला आहात, मान खाली घालून, अगदी मनापासून, आणि कोरडे.