अडीच टनांचं बाळ

डोसाचं गणित आलं की नर्सिंगच्या वर्गातल्या सगळ्या मुली तिच्या बाकाभोवती गोळा होत. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम ती तोंडी करायची, म्हणून तिचं नावच ‘कॅल्क्युलेटर’ पडलं होतं. साहजिकच आजच्या प्रात्यक्षिक परीक्षेची धास्ती तिला सोडून बाकी सगळ्यांनी घेतली होती. पैकीच्या पैकी गुण मिळाले तरच सोमवारपासून वॉर्डात पाऊल टाकता येणार होतं. तिच्या आईनं तर पांढऱ्या गणवेशाला इस्त्री करून तो शेजारणींना दाखवूनही टाकला होता.

पाच टेबलं, पाच मुली, पाच रबरी बाळं. नवजात बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहितात, तशी प्रत्येकाच्या पायाला ‘२५०० ग्रॅम’ अशी चिठ्ठी बांधलेली. औषध द्यायचं होतं किलोमागे चार मिलिग्रॅम. ट्रेमध्ये एक बाटली होती. आत नुसतं पाणी, पण दहा मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम औषध आहे असं समजायचं. मॅडम सूचना देऊन शेजारच्या खोलीत गेल्या.

तिनं पेन टेकवलं आणि उचललं. अडीच हजार गुणिले चार, दहा हजार. भागिले शंभर. उत्तर, शंभर बाटल्या. गुणाकार चोख होता, भागाकारही चोख होता. फक्त किलोच्या जागेवर ग्रॅम ऐसपैस बसले होते आणि त्यांना कुणी उठवलं नव्हतं.

एवढंसं बाळ आणि शंभर बाटल्या? मनात पाल चुकचुकली. पण मॅडमना फसवे प्रश्न घालायची खोडच आहे, एक बाटली मुद्दाम ठेवली असणार, असं म्हणत तिनं ती पाल हाकलून लावली.

डोस दुसऱ्या मुलीकडून तपासून घ्यायचा, असा वॉर्डातला नियम परीक्षेतही होता. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं उत्तर आलं होतं एक मिलिलिटर. मैत्रिणीनं हिच्या कागदावरच्या शंभर बाटल्या बघितल्या, मग स्वतःचा कागद बघितला.

“तुझं कसं चुकेल गं?” असं म्हणून तिनं आपलं उत्तर खोडलं.

ती बाटल्या मागायला गेली, तेव्हा स्टोअरवाल्या काकांनी होत्या तेवढ्या चाळीस बाटल्या ट्रॉलीत घालून दिल्या आणि बाकीच्या दुसऱ्या इमारतीतून मागवतो म्हणाले. ट्रॉली खडखडत खोलीत आली. ती बघून उरलेल्या तिघींनीही मुकाट्यानं खाडाखोड केली. पाच बाळं, पाचशे बाटल्यांची मागणी. आता मात्र काकांनी मॅडमना फोन लावला आणि नम्रपणे विचारलं, बाळांना आंघोळ घालायची आहे का.

मॅडम आल्या. ट्रॉली बघितली, पाचही कागद बघितले. मग तिच्याकडे वळल्या.

“बाळ उचल.”

तिनं उचललं.

“एका हातानं उचललंस. किती असेल?”

“अडीच…” तिनं पायाची चिठ्ठी पुन्हा वाचली. “अडीच किलो, मॅडम.”

“तू डोस काढलास अडीच टनांचा. एवढं तर हत्तीणही भरत नाही कधीकधी. आणि ते पाणी या पोराला टोचणार होतीस. लिटरभर.”

कुणी हसलंसुद्धा नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मैत्रीण खोडलेल्या उत्तराकडे बघत होती. खाडाखोडीखाली ‘एक मिलिलिटर’ अजून वाचता येत होतं.

ती मॅडमच्या मागोमाग त्यांच्या खोलीपर्यंत गेली. मला नापास करा, पण त्या चौघींचं बरोबर होतं, असं कसंबसं म्हणाली.

“दुसरीची ट्रॉली बघून डोस बदलणाऱ्या मला वॉर्डात नकोत,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्या पुन्हा बसा.”

घरी इस्त्रीचा गणवेश खुंटीवरून तिच्याकडे बघत होता. तिनं आईला सांगितलं, परीक्षा पुढे गेली. मग जेवणाच्या ताटावर तिला ते खोटं पेलवेना, आणि खरं काय ते सांगून मोकळी झाली. आई म्हणाली, “शेजारणींना मी काही सांगत नाही. पण गणवेश काढून ठेव कपाटात, धूळ बसेल.”

पुढच्या परीक्षेला मॅडमनी पाचही टेबलं भिंतीकडे तोंड करून लावली होती. तिचं उत्तर आलं एक मिलिलिटर. तिनं ते लिहिलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. सिरिंज भरली. तरी हात पुढे जाईना. शेवटी तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि बाळाला हळूच उचलून बघितलं.

पाठीमागून मॅडमनी मान वर न करता विचारलं, “हत्ती आहे का?”

“नाही, मॅडम.”

“मग टोच.”