जोतिरामअण्णांचं बियाणं

उचगावात शेतकी ट्रेनिंगला माणसं जेवणापुरती जातात, हे साहेबांनाही ठाऊक आहे. जोतिरामअण्णा मात्र पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकणारे. तीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या शेतकी साहेबांनी जुनं बासमती सोडून संकरित भात लावायला सांगितलं, तेव्हा अण्णांनी त्याच हंगामात ते सोडलं होतं.

आणि आता नव्या शेतकी अधिकारी सौम्या मॅडम उलटंच विचारत होत्या. "ते जुनं, वासाचं बियाणं कुणाकडे आहे?"

ते ऐकताच अण्णांना लहानपणची गल्ली आठवली. एका घरात भात शिजला की चार घरांत भूक लागायची. त्यांचा हात आपोआप वर गेला. "माझ्याकडं हाय. गुरुवारी सगळी घरला या, देतो."

साऱ्या गावासमोर शब्द तर देऊन बसले, पण बियाणं होतं त्यांच्या बायकोचं, दुर्गाबाईंचं. नवऱ्याला न विचारता त्या दरवर्षी बांधालगत चार ओळी लावायच्या आणि अण्णा बघून न बघितल्यासारखं करायचे. आता मागायचं कुठल्या तोंडानं? घरी ते एवढंच बोलले, "गुरुवारी मॅडम येणार, संगं पंधरा माणसं." ऐन वेळी बियाण्याचं मडकं गुपचूप उचलायचं, असा त्यांचा बेत होता.

गुरुवारी मंडळी गल्लीत वळली आणि तो वास आला. शेजारचा रवळू चालता चालता थांबला. "अण्णा, आमची आय असाच भात करायची बघा."

वास आपल्याच घरातून येतोय, हे अण्णांनी ओळखलं. घाईनं स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी विचारलं, "मडकं कुठाय गं?"

"धुऊन पालथं घातलंय. कालच सगळं कांडलं. एवढी माणसं घरला येनार, त्यास्नी काय रेशनचा तांदूळ घालू?"

माणसं जेवली. भात पुन्हा पुन्हा मागून घेतला. म्हाताऱ्या नागुबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला. शेवटी अण्णांनी हात जोडले. "मॅडम, बियाणं आत्ता तुमच्या पोटात गेलं. माझा शब्द बी गेला."

रवळू खाकरला. "माझ्याकडं हाय थोडं, बियाण्यापुरतं."

"माझ्याकडं बी हाय," नागुबाई म्हणाल्या. बघता बघता बाकीच्यांनीही कबुली दिली.

"पण तुम्ही सगळ्यांनी तेव्हाच सोडलं होतं ना?" मॅडम चक्रावल्या.

"साहेब लई जीव तोडून सांगत हुते," रवळू म्हणाला. "त्यास्नी वाईट वाटू नये म्हणून व्हय म्हटलं."

अण्णांनी सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. "मग सोडलं कुणी?"

"तुमी एकट्यानं," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पातेल्यातला शेवटचा भात त्यांनी अण्णांच्या ताटात वाढला.