अप्पांचं ऑइल खाणारे जंतू

ऑइलचा डाग जंतूंना खायला घालणारा सोलापुरातला पहिला माणूस मीच. साल शहात्तर, बी.एस्सी. सेकंड क्लास.

अप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्या अंगणात विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. वीस वर्षांचं काळं तेल मातीत मुरलेलं. अप्पा गेले, डाग राहिला. अव्वा, माझी आई, रोज सडा टाकायची, सारवायची, पण सारवताना डागाला वळसा घालून, आणि मग उंबऱ्यावर बसून त्याच्याकडं बघत राहायची. जेवायचंही विसरायची. मी शास्त्रीय निष्कर्ष काढला: हिला डागाचा त्रास होतोय. डाग गेला की ही जेवेल.

तेल खाणारे जंतू मातीतच असतात, असं कॉलेजात सरांनी सांगितलेलं. ट्रकच्या गॅरेजमागची तेलकट माती पाटीभर आणून मी डागात कालवली. वर युरिया, शेणपाणी. जंतूंना हवा लागते म्हणून दर रविवारी कुदळ.

"काय पेरलास रे?" शेजारच्या सिद्धप्पामामांनी विचारलं.

"जंतू, मामा. तेल खातात."

मामांनी त्याच दिवशी फटफटी घरात घेतली. काशम्मामामींनी रॉकेलचा डबा देवघरात ठेवला. गल्ली पाणी उकळून प्यायला लागली.

अव्वा तेवढी खूश. "करू दे की," ती मामींना म्हणाली. "बापाच्या जागंवर राबतंय."

आठ महिन्यांनी तिथं टाकलेली मेथी उगवली! मूठभर माती घेऊन मी अव्वाकडं धावलो. "वास घे. ऑइलचा मागमूस नाही."

तिनं वास घेतला. परत घेतला. मग अंगणात जाऊन, वाकून जमिनीलाच नाक लावलं.

"कुटं गेला?"

"जंतूंनी खाल्ला."

"सडा टाकला की त्येंचा वास यायचा," ती म्हणाली. "म्हणून तेवढंच सारवत नव्हते. वाटायचं, हितंच हायती. चहाला हाक मारायची तेवढी राहिलीया."



खुंटीवर अप्पांचा कामाचा सदरा होता, तेलानं ताठ झालेला. तो तरी तिच्या हातात द्यावा म्हणून मी उठलो.

"त्याला शिवू नगंस," अव्वा म्हणाली. "हात धू आदी. साबणानं."

मी तीनदा धुतले. तरी सदरा तिनंच काढला, पत्र्याच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं.

किल्ली कुठं आहे ते सिद्धप्पामामांना माहीत आहे. मला नाही.